जास्त ऑक्सिजनच्या गॅससाठी स्कूबा रेग्युलेटर कसा तयार करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंदमानला किंवा मालदीवला जाऊन नायट्रॉक्सचा, म्हणजे हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाचा, कोर्स करून आलेले मराठी डायव्हर आता बरेच भेटतात. कोर्समध्ये खोलीची मर्यादा, ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा), टाकीवरचं लेबल हे सगळं नीट शिकवलं जातं. रेग्युलेटरच्या, म्हणजे टाकीतला गॅस श्वास घेता येईल इतक्या दाबावर आणणाऱ्या उपकरणाच्या, पोटात काय घडतं, हा भाग मात्र दोन वाक्यांत आटोपतो. परत आल्यावर प्रश्न पडायला लागतात, आणि ते बहुतेक सर्वांचे सारखेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सर्व्हिसिंग शिकणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून काही ठिकाणी जरा खोलात गेलो आहे.

नायट्रॉक्सचा कोर्स केला. माझा नेहमीचा रेग्युलेटर तसाच वापरला तर चालेल का?

तीन अटी पुऱ्या होत असतील तर चालतो. मिश्रणात ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या वर नसावा. रेग्युलेटरची सर्व्हिस वेळच्या वेळी झालेली असावी. आणि त्याच्यासोबत आलेल्या पुस्तिकेत कंपनीने तशी परवानगी दिलेली असावी. तिसरी अट बहुतेक जण तपासतच नाहीत. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेलच्या नावाने कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा आणि तुमचा रेग्युलेटर ज्या देशात विकत घेतला त्या देशासाठीची मर्यादा वाचा. एकाच मॉडेलला युरोपात एक मर्यादा आणि बाहेर दुसरी, असं असू शकतं.

हौशी डायव्हिंगमध्ये मिळणारं नायट्रॉक्स बहुधा ३२ किंवा ३६ टक्क्यांचं असतं, त्यामुळे बहुतेकांचं काम इथेच संपतं. डीकम्प्रेशनसाठी, म्हणजे वर येताना शरीरात विरघळलेला गॅस बाहेर पडावा म्हणून घेतलेल्या थांब्यांसाठी, ५० टक्के, ८० टक्के किंवा शुद्ध ऑक्सिजन वापरायचा असेल तर पुढचं सगळं वाचायलाच हवं.

४० टक्के हा आकडा कुठून आला?

अमेरिकेतून. तिथल्या 'नोआ' या समुद्र व हवामानविषयक सरकारी संस्थेने १९७० च्या दशकाच्या शेवटी ३२ टक्क्यांचं मिश्रण आपल्या शास्त्रज्ञ डायव्हरांसाठी रूढ केलं. डॉ. मॉर्गन वेल्स यांचं ते काम. पुढे १९८५ मध्ये डिक रुटकोव्स्की यांनी हे प्रशिक्षण सामान्य डायव्हरांसाठी खुलं केलं. व्यावसायिक डायव्हिंगसाठीच्या अमेरिकी कामगार-सुरक्षा नियमांत ४० टक्क्यांची रेघ स्पष्ट लिहिलेली आहे: त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन ज्या उपकरणातून जाणार ते ऑक्सिजनसाठी बनवलेलं असावं आणि त्यातले ज्वलनशील पदार्थ वापरापूर्वी काढून टाकलेले असावेत.

गॅस उद्योगाची रेघ याहून खाली आहे. तिथे २३.५ टक्क्यांच्या वर गेलेला कोणताही गॅस 'ऑक्सिजन-समृद्ध' धरतात. युरोपने २२ टक्क्यांच्या पुढे वेगळी जोडणी आणि वेगळं मानक ठेवलं. म्हणजे ४० हा आकडा अनुभवावर बेतलेला व्यवहारी करार आहे. ३९ टक्क्यांना निर्धास्त आणि ४१ ला स्फोट, असा काही निसर्गनियम नाही. दाब, तापमान आणि आतली घाण यांवर धोका सरकत राहतो.

एक हिशोब इथे करून पाहण्यासारखा आहे. ३०० बार दाबाने (१ बार म्हणजे साधारण एका वातावरणाइतका दाब) भरलेल्या साध्या हवेत ऑक्सिजनचा आंशिक दाब सुमारे ६३ बार असतो. २०० बारच्या ३२ टक्के नायट्रॉक्समध्ये तो ६४ बार असतो. जवळपास सारखाच. २०० बार शुद्ध ऑक्सिजन मात्र पूर्ण २०० बार ऑक्सिजन असतो, आणि उष्णता शोषून घ्यायला त्यात नायट्रोजनही नसतो. रेग्युलेटरसाठी खरी उडी इथे पडते.

ऑक्सिजन तर स्वतः जळत नाही. मग आग लागते कशाला?

जळतं ते बाकीचं सगळं. आगीला तीन गोष्टी लागतात: जळणारा पदार्थ, ऑक्सिजन आणि पेट घ्यायला उष्णता. रेग्युलेटरमध्ये जळणारा पदार्थ भरपूर असतो. रबराच्या ओ-रिंग (सांधे बंद करणाऱ्या गोल कड्या), प्लॅस्टिकची सीट (गॅसची वाट बंद करणारा भाग), ग्रीस, कंप्रेसरमधून आलेल्या तेलाचा पापुद्रा, बोटांचा तेलकटपणा. साध्या हवेत यातलं काहीच सहजासहजी पेटत नाही. ऑक्सिजन वाढला की पेटायला लागणारी उष्णता कमी होते आणि एकदा पेटलं की आग झपाट्याने पसरते. दाब खूप असेल तर धातूसुद्धा पेटतात.

राहिली उष्णता. ठिणगी नाही, काडी नाही, मग ती येते कुठून? मुख्यतः गॅस झटक्यात दाबला गेल्याने. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, तेच इथे होतं, पण कितीतरी पटींनी. टाकीचा व्हॉल्व्ह झटकन उघडला की रेग्युलेटरच्या आत १ बारवर असलेला गॅस क्षणार्धात २०० बारला दाबला जातो. उष्णता बाहेर पडायला वेळच मिळाला नाही असं धरून गणित केलं तर तापमान १,००० अंश सेल्सियसच्या आसपास येतं. प्रत्यक्षात धातू बरीच उष्णता शोषून घेतो, पण जिथे वाट बंद होते तिथे, म्हणजे फर्स्ट स्टेजच्या (रेग्युलेटरच्या टाकीला लागणाऱ्या भागाच्या) उच्च दाबाच्या सीटपाशी किंवा दाब दाखवणाऱ्या गेजच्या नळीच्या टोकाला, ती उष्णता एकवटते. नेमका तिथेच तेलाचा थेंब किंवा सिलिकॉन ग्रीसचा गोळा बसलेला असेल तर तो पेटतो, त्याच्या आगीने सीट पेटते, आणि सीटची आग धातूपर्यंत जाऊ शकते.

दुसरं कारण कणांचं. गंजाचा, मिठाचा किंवा धातूच्या भुशाचा कण वेगवान गॅसबरोबर येऊन वळणावर आदळतो, आणि त्या आघाताने तापतो. तिसरं कारण घर्षणाचं. रेग्युलेटरमध्ये ते तुलनेने कमी.

ऑक्सिजनमध्ये नेहमीचे पदार्थ किती वेगळे वागतात, हे जगाने २७ जानेवारी १९६७ ला पाहिलं. अपोलो १ च्या जमिनीवरच्या चाचणीत यानाची केबिन शुद्ध ऑक्सिजनने भरलेली होती आणि दाब वातावरणाहून किंचित जास्त होता. नायलॉन आणि वेल्क्रोसारख्या रोजच्या वस्तूंनी अशी आग धरली की ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी या तिघा अंतराळवीरांना बाहेर पडता आलं नाही. तिथला दाब जेमतेम एका वातावरणाइतका होता. आपण त्याच्या २०० पट दाबाबद्दल बोलतो आहोत, म्हणून या विषयात मी कडक आहे.

'ऑक्सिजन-क्लीन' आणि 'ऑक्सिजन-कंपॅटिबल' यांत फरक काय?

क्लीन म्हणजे आतला तेलकटपणा आणि कण ठरलेल्या पद्धतीने काढून टाकले आहेत. कंपॅटिबल म्हणजे आतले पदार्थ, म्हणजे ओ-रिंग, सीट, ग्रीस आणि धातू, त्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये सहज न पेटणारे आहेत. दोन्ही असेल तेव्हाच उपकरण ऑक्सिजनच्या कामाला योग्य ठरतं. महागडं ऑक्सिजन ग्रीस लावलेला पण आतून मळका रेग्युलेटर धोकादायकच. चकचकीत धुऊन पुन्हा साधं ग्रीस लावलेलाही तितकाच. दुकानात विचारताना दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा: साफ कसा केला, आणि आत काय काय बदललं?

कोणते भाग बदलतात?

सगळ्या ओ-रिंग, उच्च दाबाची सीट आणि प्रवेशद्वारातला फिल्टर. फिल्टर धुऊन परत बसवू नये. धातूच्या बारीक कणांपासून बनवलेल्या त्या तुकड्याच्या छिद्रांत अडकलेला मळ पूर्ण निघाला की नाही, हे बाहेरून कळत नाही.

साध्या रेग्युलेटरमध्ये नायट्राइल रबराच्या काळ्या ओ-रिंग असतात. ऑक्सिजनसाठी बहुधा व्हायटॉन या रबराच्या घालतात, कारण व्हायटॉन बऱ्याच जास्त तापमानाला पेटतो. मात्र पेटलाच तर त्यातून विषारी गॅस निघतात आणि ते थेट श्वासात जातात. म्हणून काही उत्पादक ईपीडीएम हे दुसरं रबर पसंत करतात. ईपीडीएमला खनिज तेल चालत नाही, तेलाने तो फुगतो. यातला कोणता निवडायचा हे तंत्रज्ञाने स्वतः ठरवायचं नसतं. कंपनीचं त्या मॉडेलसाठीचं ऑक्सिजन किट (सुट्या भागांचा संच) येतं, तेच वापरायचं. ओ-रिंगची मापं सारखी दिसली तरी कडकपणा वेगळा असतो. बाजारातून आणलेली व्हायटॉनची रिंग मापाला बसली म्हणून ती तिथे टिकेलच असं नाही.

काही फर्स्ट स्टेजमध्ये थंड पाण्यासाठी एक बंद कप्पा सिलिकॉन तेलाने किंवा ग्रीसने भरलेला असतो. त्या कप्प्यात गॅस येत नसला तरी पडदा किंवा सील फाटला तर येऊ शकतो. तिथेही ऑक्सिजनला चालणारंच द्रव्य लागतं. नाहीतर कोरड्या कप्प्याचं मॉडेल निवडावं.

सिलिकॉन ग्रीस तर पाण्यात विरघळत नाही, वासही येत नाही. ते का नको?

कारण ते जळतं. हवेच्या रेग्युलेटरला ते उत्तम आहे, पण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते इंधन आहे. डब्यावर 'फूड ग्रेड' लिहिलेलं असतं म्हणून अनेकांची फसगत होते. ते लेबल पोटासाठी आहे, आगीसाठी नाही. व्हॅसलीन, खोबरेल तेल, शिवणयंत्राचं तेल, डब्ल्यूडी-४० यांचं तर नावच नको.

इथे फ्लोरिनयुक्त ग्रीस लागतात. डायव्हिंगमध्ये ख्रिस्टो-ल्यूब आणि क्रायटॉक्स ही दोन नावं जास्त ऐकू येतात. किमतीने फार महाग आहेत, पण एका रेग्युलेटरला अगदी थोडं लागतं. ओ-रिंग नुसती ओलसर चमकायला हवी. ग्रीसचे गोळे दिसले तर ते जास्त झालं. ज्या ब्रशने किंवा बोटाने आधी सिलिकॉन लावलं त्यानेच हे लावलं तर केलेलं सगळं वाया गेलं. दोन्ही ग्रीसच्या डब्या, ब्रश आणि टेबलाचा कोपरासुद्धा वेगळा ठेवावा.

साफसफाई नेमकी कशी करतात?

प्रत्येक मॉडेलची पद्धत उत्पादकाच्या सर्व्हिस पुस्तिकेत असते आणि शेवटचा शब्द तिचाच. तरी कामाचा ओघ सगळीकडे साधारण असाच असतो.

सुरुवात जागेपासून. ज्या बाकावर कंप्रेसर उघडतात त्या बाकावर ऑक्सिजनचं काम करायचं नाही. बाक पुसलेला, हत्यारं धुतलेली, हातात पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे. पंखा बंद. आपल्याकडे उघड्या खिडकीतून धूळच काय, स्वयंपाकघरातली फोडणीची वाफसुद्धा आत येते, आणि ती तेलकट असते.

मग रेग्युलेटर पूर्ण सुटा करायचा. 'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा. एकही प्लग, एकही जोड तसाच ठेवायचा नाही, कारण आटे आणि बंद छिद्रं हीच जुनं ग्रीस साठण्याची ठिकाणं. जुने रबरी भाग, सीट आणि फिल्टर फेकून द्यायचे. परत कुणी बसवू नये म्हणून कापून फेकणारे तंत्रज्ञ असतात. चांगली सवय आहे.

पहिली धुलाई गरम पाणी, सौम्य साबण आणि नायलॉनच्या ब्रशने. दिसणारं ग्रीस इथेच जायला हवं. अल्ट्रासॉनिक यंत्र, म्हणजे ध्वनिलहरींनी द्रावण थरथरवून भाग धुणारं यंत्र, हे उरलेल्या न दिसणाऱ्या मळासाठी असतं. ग्रीसने माखलेले भाग थेट त्यात टाकले तर तेच ग्रीस पाण्यातून सगळ्या भागांवर पसरतं.

नंतर क्षार. समुद्राच्या पाण्याने पितळेवर हिरवट आणि पांढरा थर चढतो. तो काढायला पातळ केलेलं व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड किंवा त्यासाठीचं तयार द्रावण घेऊन भाग काही मिनिटं अल्ट्रासॉनिकमध्ये ठेवतात. इथे घाई परवडते, विसराळूपणा नाही. आम्लात जास्त वेळ राहिलं तर क्रोमचा मुलामा सोलवटतो, आणि सुटलेला पापुद्रा म्हणजे नवा कण. लगेच भरपूर पाण्याने धुवायचं.

यानंतर खरी ऑक्सिजन-धुलाई: ऑक्सिजन उपकरणांसाठी मान्य असलेल्या पाण्यात विरघळणाऱ्या डिटर्जंटमध्ये, गरम अल्ट्रासॉनिक टाकीत. मग गरम स्वच्छ पाणी, मग डिस्टिल्ड किंवा क्षारमुक्त पाणी. साबणाचा अंशसुद्धा राहता कामा नये, कारण काही साबण सुकल्यावर स्वतःच इंधन बनतात. नळाच्या पाण्याने शेवट केला तर क्षारांचे ठिपके उरतात.

सुकवायचं तेलमुक्त, गाळलेल्या हवेने किंवा नायट्रोजनने. टायरमध्ये हवा भरायच्या कंप्रेसरने फुंकर मारली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कापडाने पुसायचं नाही, धागे अडकतात.

पूर्वी या कामाला सीएफसी-११३ सारखी द्रव्यं वापरत. साफ करण्यात ती अव्वल होती, पण ओझोनच्या थराला घातक ठरल्यामुळे १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ती हद्दपार झाली. क्लोरीनयुक्त इतर द्रव्यांचा मोह अजून काहींना होतो. रेग्युलेटर हे श्वासाचं उपकरण आहे. त्यात अशा द्रव्याचा अंश राहिला तर तो फुप्फुसात जाणार. पाणी आणि डिटर्जंटवरच काम भागवावं.

गेज आणि होज तशाच चालतील का?

कमी दाबाच्या होज (लवचिक नळ्या) आतून धुऊन सुकवता येतात. प्रेशर गेजचं तसं नाही. त्याच्या आत वाकवलेली, एका टोकाला बंद असलेली बारीक नळी असते. तिच्यात गेलेलं तेल धुऊन काढायची खात्रीची सोय नाही, आणि बंद टोक म्हणजे उष्णता एकवटण्याची हमखास जागा. म्हणून जास्त ऑक्सिजनसाठी गेज नवीन आणि कारखान्यातूनच ऑक्सिजनसाठी साफ होऊन आलेलं घ्यावं. उच्च दाबाच्या होजच्या रेग्युलेटरकडच्या टोकाला मुद्दाम अगदी सूक्ष्म छिद्र ठेवलेलं असतं, त्यामुळे गेजमधला दाब सावकाश चढतो. 'गेज हळू चालतं' म्हणून ते छिद्र मोठं करणारे महाभाग आहेत. तसं कधीही करू नये.

साफ झालं की नाही, हे कळतं कसं?

आधी तेज पांढऱ्या उजेडात भिंगाने पाहायचं. एकही कण, धागा किंवा डाग नको. मग अंधारात अतिनील दिव्याखाली: बरीचशी खनिज तेलं त्यात चमकतात. पण सगळी तेलं चमकत नाहीत, सिलिकॉनचा तर भरवसाच नाही. त्यामुळे चमक दिसली तर भाग नापास, पण दिसली नाही म्हणून पास धरता येत नाही. तिसरी कसोटी पाण्याची: स्वच्छ धातूवर पाण्याचा अखंड पापुद्रा राहतो, तेल असेल तिथे तो फाटून थेंब होतात. गुंतागुंतीच्या आकाराला ही कसोटी कमी पडते, म्हणून शेवटच्या धुण्याचं पाणी स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन हलवतात आणि फेस, तवंग किंवा गाळ दिसतो का ते बघतात.

कसोट्या कितीही केल्या तरी मुख्य भरवसा पद्धतीवरच असतो. म्हणून तंत्रज्ञाने काय केलं याची लेखी नोंद मागा: तारीख, बदललेले भाग, वापरलेलं ग्रीस, जोडणीनंतर मोजलेला मधला दाब (फर्स्ट स्टेजमधून पुढे जाणाऱ्या गॅसचा). तो बहुतेक मॉडेलना ९ ते १० बारच्या आसपास येतो आणि सुई त्या जागी स्थिर राहायला हवी. सुई हळूहळू चढत असेल तर सीट नीट बसलेली नाही.

हे सगळं घरी करता येईल?

करू नका. भांडी जमवता येतील, द्रावणंही मिळतील. पण अस्सल सुटे भाग आणि सर्व्हिस पुस्तिका बहुतेक कंपन्या प्रशिक्षित तंत्रज्ञालाच देतात, आणि मधला दाब तपासल्याशिवाय जोडलेला रेग्युलेटर पाण्यात नेणं हा वेगळाच धोका. तुमच्या शहरात ऑक्सिजनचं काम करणारा तंत्रज्ञ नसेल तर रेग्युलेटर कुरिअरने पाठवा. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरचं डायव्हिंग बंदच असतं. सर्व्हिसला द्यायला तेच दिवस बरे.

माझा रेग्युलेटर टायटॅनियमचा आहे. हलका, गंजत नाही, महाग. ऑक्सिजनला तर उत्तमच असेल ना?

उलट आहे. टायटॅनियम दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये पेटतो आणि पेटला की थांबत नाही. जास्त ऑक्सिजनसाठी तो वापरायचाच नाही. ॲल्युमिनियमबद्दलही सावध राहावं. या कामाला जुनं, जड, क्रोम चढवलेलं पितळच चांगलं. तांब्याचं प्रमाण मोठं असल्याने ते आगीला दाद देत नाही.

टाकीचं काय? रेग्युलेटर ऑक्सिजन-क्लीन असला की झालं?

टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि काही वेळा तो रेग्युलेटरपेक्षा गंभीर असतो. आंशिक दाबाच्या पद्धतीने नायट्रॉक्स बनवतात तेव्हा रिकाम्या टाकीत आधी शुद्ध ऑक्सिजन सोडतात आणि वरून हवा भरतात. तयार मिश्रण ३२ टक्के असलं तरी भरताना त्या टाकीने आणि व्हॉल्व्हने १०० टक्के ऑक्सिजन सोसलेला असतो. म्हणून अशी टाकी ऑक्सिजन-क्लीन लागतेच, ४० टक्क्यांची सवलत तिला नाही. मेंब्रेनने (हवेतला नायट्रोजन वेगळा करणाऱ्या पडद्याने) किंवा आधीच मिसळून कंप्रेसरमधून भरलेलं नायट्रॉक्स असेल तर टाकीच्या वाट्याला शुद्ध ऑक्सिजन येत नाही. आपल्या डायव्ह सेंटरवर कोणती पद्धत आहे हे विचारायला संकोच करू नका.

एकदा ऑक्सिजनसाठी तयार केलेला रेग्युलेटर साध्या हवेच्या टाकीला लावला तर काय बिघडतं?

त्या क्षणी काहीच जाणवत नाही. पण तेलाच्या वंगणावर चालणाऱ्या कंप्रेसरच्या हवेत तेलाचा अंश असतोच. श्वासाच्या हवेसाठी अमेरिकेतल्या 'ग्रेड ई' मानकात दर घनमीटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत तेल चालतं, युरोपीय मानकात ०.५ मिलिग्रॅमपर्यंत. ऑक्सिजनमध्ये मिसळायच्या हवेला मर्यादा ०.१ मिलिग्रॅमची आहे. ५ मिलिग्रॅम श्वासाला चालतं, पण प्रत्येक डायव्हला त्यातलं थोडं थोडं रेग्युलेटरच्या आत बसत जातं. कंप्रेसरचा फिल्टर वेळेवर बदललेला नसेल तर विचारूच नका.

ज्या क्षणी तो अनोळखी हवेला लागला, त्या क्षणी त्याला ऑक्सिजन-क्लीन म्हणणं थांबवावं. पुन्हा साफ होईपर्यंत तो ४० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाचा रेग्युलेटर. हे परवडत नाही असं अनेकांना वाटतं, आणि तिथेच तडजोडी सुरू होतात. माझं स्पष्ट मत: ज्यांना शुद्ध ऑक्सिजन किंवा ५० टक्क्यांचं मिश्रण नेमाने लागतं त्यांनी त्यासाठी वेगळा रेग्युलेटर घ्यावा, साधा पितळी घ्यावा, आणि तो दुसऱ्याला उसना देऊ नये.

आमच्याकडची खारी हवा, दमटपणा याचा काही संबंध?

थेट संबंध आहे. मालवण, तारकर्ली, गोव्याचं ग्रँड आयलंड, खाली नेत्राणी, सगळीकडे बोटीवर रेग्युलेटर उन्हात आणि तुषारांत पडलेला असतो. सुकलेलं मीठ म्हणजे कण. प्रवेशद्वाराची टोपी न लावता रेग्युलेटर धुतला की पाणी फिल्टरमधून आत जातं आणि आतून गंज धरतो. प्रत्येक डायव्हनंतर टोपी सुकवून, घट्ट बसवून, गोड्या पाण्यात भिजवावा. टोपी सुकवायला टाकीचा गॅस तिच्यावर फुस्स करून सोडतात, त्यात टोपीवरचं पाणी फिल्टरवर उडतं. स्वच्छ, कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने टोपी पुसणं बरं.

फिल्टरचा रंग अधूनमधून बघत जा. हिरवट दिसला तर आत पाणी जाऊन पितळ खराब होतंय. तांबूस असेल तर एखाद्या स्टीलच्या टाकीतला गंज आला. काळपट असेल तर कंप्रेसरच्या फिल्टरमधली कोळशाची भुकटी. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरवर यातला कोणताही रंग दिसला तर तो सर्व्हिस होईपर्यंत बाजूला ठेवायचा.

सनस्क्रीन लावलेल्या हातांनी टाकीचं तोंड किंवा रेग्युलेटरचं प्रवेशद्वार हाताळू नका. उन्हाळ्यात हे सर्वांत जास्त होतं.

योक, डिन आणि एम-२६: कोणती जोडणी हवी?

भारतात बहुतेक सेंटरवर योक, म्हणजे व्हॉल्व्हवर बाहेरून आवळायची जोडणी, चालतो. आट्यांनी व्हॉल्व्हमध्ये फिरवून बसवायची डिन जोडणी जास्त दाबाला अधिक भक्कम आहे. युरोपात नायट्रॉक्ससाठी २६ मिलिमीटर आट्यांची वेगळी जोडणी (एम-२६) आली, म्हणजे हवेचा रेग्युलेटर नायट्रॉक्सच्या टाकीला बसूच नये. कल्पना चांगली, पण युरोपाबाहेर ती क्वचित दिसते. तुम्ही तिथे राहत असाल आणि सुट्टीत इकडे डायव्ह करणार असाल तर निघण्याआधी सेंटरला विचारा. ॲडॅप्टर लावून काम भागवलं तर तो ॲडॅप्टरही तितकाच स्वच्छ हवा, हे लक्षात ठेवा.

टाकीचा व्हॉल्व्ह उघडताना काय काळजी घ्यायची?

रेग्युलेटर जोडण्याआधी व्हॉल्व्ह किंचित उघडून लगेच बंद करायचा, म्हणजे तोंडात बसलेली धूळ उडून जाते. तोंड कुणाकडेही वळलेलं नको. मग रेग्युलेटर जोडून व्हॉल्व्ह अगदी सावकाश फिरवायचा. गॅस आत शिरल्याचा बारीक आवाज आला की तिथेच थांबायचं, गेजची सुई स्थिर होऊ द्यायची, मग पूर्ण उघडायचा. गेजची काच स्वतःपासून आणि इतरांपासून दूर वळवलेली असावी. गळती दिसली तर बंद करून दाब सोडायचा आणि मगच जोड घट्ट करायचा. दाबाखाली पाना फिरवायचा नाही.

सगळी साफसफाई करून जेवढी सुरक्षितता मिळते, त्यातली बरीचशी या काही सेकंदांत टिकते किंवा जाते. अमेरिकी नियमांतही ठरावीक दाबाच्या वर ऑक्सिजनच्या वाटेवर सावकाश उघडणारे व्हॉल्व्हच हवेत असं म्हटलं आहे, ते याच कारणाने.

पाण्याखाली आग लागण्याची भीती आहे का?

आगीचा धोका मुख्यतः वरच, भरताना आणि व्हॉल्व्ह उघडताना. पाण्याखाली धोका वेगळा: चुकीच्या खोलीवर चुकीचा रेग्युलेटर तोंडात जाणं. ऑक्सिजनचा आंशिक दाब १.४ बार धरला तर ३२ टक्के मिश्रणाची मर्यादा ३३ मीटर आणि ३६ टक्क्यांची २८ मीटर येते. डीकम्प्रेशनसाठी १.६ बार धरतात. त्या हिशोबाने ५० टक्क्यांचं मिश्रण २१ मीटरपर्यंत आणि शुद्ध ऑक्सिजन फक्त ६ मीटरपर्यंत. त्याखाली जास्त दाबाच्या ऑक्सिजनमुळे आकडीसारखे झटके येऊ शकतात, आणि पाण्याखाली झटका आला तर माणूस बहुधा बुडतो. म्हणून ऑक्सिजनच्या रेग्युलेटरचा माउथपीस किंवा होज वेगळी ओळखू यावी आणि टाकीवर कमाल खोली मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावी. तरी नुसत्या रंगावर विसंबू नये. गढूळ पाण्यात आणि खोलवर रंग ओळखू येत नाहीत. टाकीपासून तोंडापर्यंत होज हाताने चाचपून मगच गॅस बदलावा.

किती दिवसांनी पुन्हा साफ करावा?

कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, बहुधा वर्षातून एकदा. त्याआधी अनोळखी हवा लागली, पाणी आत गेलं, फिल्टरचा रंग बदलला किंवा कुणी मधेच उघडला, तर लगेच. मधल्या काळात कोरडा करून, टोपी लावून, स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवायचा, पिशवीवर तारीख टाकायची.

बोटीवरच्या आपत्कालीन ऑक्सिजन किटला हे नियम लागू होतात का?

पूर्णपणे. तिथे शुद्ध ऑक्सिजनच असतो, आणि घाईत, थरथरत्या, ओल्या हातांनी तो उघडला जातो. ते किट डिझेलच्या कॅनशेजारी किंवा इंजिनच्या चिंध्यांसोबत ठेवलेलं असेल तर आजच हलवा. लहान टाक्यांच्या जोडापाशी धातूची कडा असलेला रबरी वॉशर असतो. तो गेला की जोड फुसफुसतो आणि कुणीतरी त्यावर ग्रीस चोपडतं. ग्रीस नको, टेप नको. नवा वॉशर घाला आणि दोन जास्तीचे वॉशर किटमध्येच पिशवीत ठेवा. किट वापरताना आजूबाजूला कुणी सिगारेट ओढत नाही ना, हे बघायचं काम बोटीवरच्या एका माणसाला आधीच नेमून द्या.